खाडीची ओटी

माहेरनं मला कधी काही दिलं नाही, असं भर न्यायालयात शपथेवर सांगणारी बाई मी आजवर एकच पाहिली, आणि ती आमच्याच घरातली. माझ्या धाकट्या भावाची, प्रथमेशची बायको तृप्ती. एरवी आमच्याकडे सासरी कुरबुर झाली की बायका माहेरून आणलेल्या समईपासून मोजायला सुरुवात करतात. हिने नेमकं उलटं केलं, आणि जिच्या-जिच्यासाठी केलं ती प्रत्येक बाई मागच्या बाकावर मान खाली घालून बसली होती.

मी हायस्कुलात विज्ञान शिकवते. त्यामुळे या प्रकरणातलं यंत्र मला पहिल्याच दिवशी समजलं, कायदा अर्धामुर्धा समजला, आणि माणसं समजेपर्यंत सगळं होऊन गेलं होतं.

आमचं वेळसर खाडीच्या तोंडाशी आहे. पुरुष समुद्रावर आणि बायका खाडीत, अशी इथली जुनी वाटणी. ओहोटी लागली की बायका चिखलात उतरायच्या, पायाच्या बोटांनी चाचपून तिसऱ्या, म्हणजे खायचे बारके शिंपले, काढायच्या आणि गप्पा मारत टोपल्या भरायच्या. काही वर्षांपूर्वी एका उन्हाळ्यात या तिसऱ्या तोंडं उघडून मरायला लागल्या. आधी थोड्या, मग पाय टाकावा तिथे. वास असा सुटला की घास घशाखाली उतरेना. पुढच्या वर्षी खाडीत उतरण्यासारखं काही राहिलं नाही आणि बायका काजूच्या कारखान्यात बिया सोलायला जाऊ लागल्या. हात काळे करून घेत तिथे बसलेली तृप्ती पाहिली की मला वाईट वाटायचं. खाडीत तिच्याइतकी मोठ्याने हसणारी दुसरी कोणी नव्हती.

संशय सगळ्यांना होता. किनाऱ्यापासून थोडं आत एका परदेशी कंपनीची अवाढव्य जहाजं नांगर टाकून बंदरात शिरायची वाट बघत उभी असतात. स्वस्तातलं जड इंधन जाळायचं, त्याचा धूर समुद्राच्या पाण्याने धुवायचा, म्हणजे आकाशात घाण जात नाही, आणि ते धुतलेलं पाणी परत समुद्रात सोडायचं, हा त्यांचा कारभार. हवा स्वच्छ ठेवल्याबद्दल या लोकांना प्रशस्तिपत्रकंसुद्धा मिळतात. समुद्राला कोण विचारतो? एकदा त्यात मिसळलं की विषाला नावगाव राहत नाही, असंच सगळे धरून चालले होते.

मग 'स्तरवेध' आलं. झाडाच्या खोडात जशी वर्षाची वलयं असतात तसे तिसरीच्या शिंपल्यात भरती-ओहोटीचे थर असतात. त्या-त्या वेळी पाण्यात जे धातू असतील ते त्या थरात कायमचे अडकतात. स्तरवेध लेझरच्या बारीक किरणाने शिंपल्यावर एक रेघ ओढतं, उडालेल्या वाफेतले धातू मोजतं आणि थरामागून थर वाचत जातं. धूर धुतलेल्या पाण्यात व्हॅनेडियम आणि निकेल असतं, आणि त्यांचं प्रमाण प्रत्येक इंधनाचं, प्रत्येक जहाजाचं वेगळं. शिवाय प्रत्येक खाडीची माती वेगळी, म्हणून ही तिसरी कधी कोणत्या खाडीच्या पाण्यात होती हेही कळतं. कोणत्या जहाजाचं पाणी, कोणत्या हंगामात, कोणत्या खाडीत, इतकं सगळं नखाएवढ्या शिंपल्यातून. वर्गात हे शिकवताना माझा ऊर भरून यायचा.

यंत्राने दोषी दाखवला, पण त्याला उभा कुठे करायचा? जहाज एका देशाच्या झेंड्याचं, कंपनी दुसऱ्या देशातली आणि मेलेल्या तिसऱ्या आमच्या. पूर्वी अशी प्रकरणं एका दारातून दुसऱ्या दारात फिरून म्हातारी व्हायची. म्हणून बऱ्याच देशांनी मिळून किनारा करार केला होता. नुकसान झालं तिथलं न्यायालय किंवा नुकसानीचं कारण घडलं तिथलं, निवड सोसणाऱ्याची, आणि निकाल सगळ्यांनी मानायचा. आम्ही अर्थातच इथलं निवडलं. आमची बाजू मांडणाऱ्या मैथिली परुळेकर वकीलबाईंनी सांगितलं होतं की कंपनीच्या देशात पहिला प्रश्न येईल, खाडी कोणाच्या मालकीची? आता खाडीला कोण मालक? तिथल्या कायद्यात मालक नसेल तर नुकसानही नाही. आपल्याकडे मात्र पिढ्यान्‌पिढ्या खाडीवर जगणाऱ्यांचा तिच्यावर हक्क मानतात. म्हणजे प्रकरण इथे चाललं तर आम्ही माणसं होतो, तिकडे गेलं तर कोणीच नव्हतो. आमची मागणीही साधी होती. जहाजं दूर न्या, चिखल साफ करा, खाडी होती तशी करून द्या. बायकांच्या वतीने पहिली सही तृप्तीने केली, कारण सगळ्या जणी तिचंच ऐकायच्या.

इथवर सगळं सरळ होतं. घोटाळा झाला तो आमच्या एका रीतीमुळे.

आमच्या भागात गौरीच्या सणाला माहेरवाशीण परत निघाली की आई तिची ओटी भरते, आणि तांदूळ-नारळाबरोबर सूपभर जिवंत बारीक तिसऱ्या देते. माहेरच्या खाडीने सासरच्या खाडीची ओटी भरायची, असा त्यातला भाव. त्या तिसऱ्या वेळसरला आणून एका ठरलेल्या जागी सोडतात. तिला माहेरवाफा म्हणतात. तिथली तिसरी कोणी खात नाही की विकत नाही, ओटीत आलेलं विकायचं कसं? तृप्तीचं माहेर खारणं, मोडाच्या, म्हणजे समुद्रात घुसलेल्या डोंगराच्या सोंडेच्या, पलीकडची खाडी. तिची आई रत्नप्रभा तारी, आम्ही सगळे तिला रत्नाआये म्हणतो, हाताने इतकी सढळ की तिच्या दारातून पोस्टमनसुद्धा कोकमं घेतल्याशिवाय सुटायचा नाही. आमच्या खाडीत तिसऱ्या विरळ होत चालल्या तशी ती लेकीला सुपाऐवजी टोपलीच भरून देऊ लागली.

नमुने घ्यायला प्रयोगशाळेची माणसं आली, तेव्हा त्यांनी सर्वांत जुन्या तिसऱ्या मागितल्या. खाडीत सगळं मेलेलं. जुन्या, मोठ्या, अजून तग धरून असलेल्या तिसऱ्या होत्या त्या फक्त माहेरवाफ्यात, कारण तिथे कोणी हात लावत नव्हतं. दारी पाहुणा आला तर घरातलं बरं असेल ते त्याच्यापुढे ठेवायचं, ही आमची सवय. बायकांनी त्याच तिसऱ्या काढल्या, धुतल्या आणि केळीच्या पानावर मांडून साहेबांपुढे ठेवल्या. त्यांनी कौतुक केलं, बायका खूश झाल्या आणि नमुने सीलबंद होऊन गेले.

कंपनीच्या तज्ज्ञांनी ते शिंपले पार बिजागरीपासून वाचले. आधीचे थर खारण्याच्या पाण्याचे. त्यातच व्हॅनेडियमचा जाड पट्टा. त्याच्यावर एका परजीवीचा व्रण, कारण धुराच्या पाण्याने अशक्त झालेल्या तिसऱ्यांत हा परजीवी सहज घर करतो. आणि मग एकदम, मधलं काही नसताना, वेळसरचं पाणी. आमच्या खाडीतल्या इतर शिंपल्यांत व्हॅनेडियम अगदीच किरकोळ होतं, पण परजीवीचा व्रण प्रत्येकात होता. खारण्याच्या तिसऱ्यांनी तो अंगात मुरवला होता, आमच्यांना तो नवा होता. म्हणजे जहाजांचं विष उतरलं ते खारण्याच्या खाडीत. आमच्याकडे मरण आलं ते ओटीतून.

वकीलबाई हे सांगायला स्वतः आल्या होत्या. बायका आमच्या पडवीत बसल्या होत्या, तृप्ती खांबाला टेकून. सगळं ऐकून झालं. मग ती म्हणाली, "म्हणजे मियाच आणलंय."

वकीलबाईंनी तिला समजावलं की आणलं जहाजांनी, ती नुसती वाट झाली. पण तृप्तीच्या कानात ते शिरलं असं मला वाटत नाही. सगळ्यांत जास्त टोपल्या तिच्याच आल्या होत्या.

पुढचं तर त्याहून वाईट होतं. किनारा करारात नुकसान म्हणजे पहिलं, थेट नुकसान. तिथून ते पाण्याने, वाऱ्याने पसरलं तर पसरलेली जागाही नुकसानीचीच जागा. पण मध्ये माणसाचा हात लागला आणि त्या हाताने ते दुसरीकडे नेलं, तर मूळ जागाच धरायची. मूळ जागा खारणं. आणि खारण्याने जहाजांचा नांगरतळ आला तेव्हाच कंपनीशी करार केला होता. धक्का आणि नोकऱ्यांच्या बदल्यात, खारण्याच्या पाण्याबद्दलचा कोणताही वाद कंपनीच्या देशात चालवायचा, असं त्यात लिहून दिलं होतं. गावाला त्या कलमाचा अर्थ तेव्हा कळला नव्हता. तृप्तीचा भाऊ सिद्धेश त्याच करारामुळे कंपनीची होडी चालवणारा सारंग झाला होता, आणि घरात पहिल्यांदा महिन्याच्या महिन्याला पगार येत होता.

"मग संपलंच की," मी म्हटलं.

वकीलबाईंनी चष्मा पुसला. वादळात बारीक तिसऱ्या चिखलातून उखडतात आणि प्रवाहाबरोबर मोडाला वळसा घालून जाऊ शकतात, हे कंपनीच्या तज्ज्ञालाही मान्य होतं. तसं झालं असेल तर नुकसान समुद्राने पसरलं आणि वेळसरचा दावा इथेच राहतो. "स्तरवेधला पाणी कळतं," त्या म्हणाल्या, "हात कळत नाही. तिसऱ्या कोणी आणल्या हे सांगणारं माणूसच लागणार. तुम्ही काय उत्तर द्यायचं ते मी सांगू शकत नाही, तृप्तीताई. प्रश्न काय येणार तेवढं सांगितलं."

त्या गेल्यावर बायका एकेक करून उठल्या. जाताना कोणी तृप्तीच्या खांद्यावर हात ठेवला, कोणी तिच्याकडे न बघताच गेली. खोटं बोल असं एकीनेही म्हटलं नाही, आणि खरं बोल असंही नाही. प्रथमेशने मात्र तिला सांगितलं की तिला जे झेपेल ते तिने करावं, काजू सोलूनही माणसं जगतात. तो भला माणूस आहे, पण अशा वेळी त्याच्या भलेपणाचा काही उपयोग होत नाही. पुढचे कितीतरी दिवस मी बघत होते, ती फोन हातात घ्यायची, आईचं नाव काढायची आणि फोन परत ठेवून द्यायची. बोलायचं झालं तर काय बोलणार होती? आये, तू दिलेल्या ओटीने माझी खाडी मेली, हे? की तू मला कधी काही दिलंच नाहीस असं सांगायला मी चाललेय, हे?

सुनावणीला कंपनीतर्फे दाभाडे नावाचे पुण्याचे वकील होते. आवाज लोण्यासारखा. सुनावणी थेट दाखवली जात होती आणि खारण्याच्या पंचायतीत सारं गाव पडद्यापुढे जमलंय, हे आम्हाला माहीत होतं. दाभाड्यांनी आधी साक्षीला उभ्या राहिलेल्या तृप्तीची विचारपूस केली, मग खारण्याहून येताना ती तिसऱ्या आणते का, असं विचारलं. ती नाही म्हणाली. कधीच नाही? कधीच नाही. तुमच्याकडे तशी रीत आहे असं ऐकतो, ते म्हणाले.

तृप्तीने कठड्याला धरलेला हात सोडला. "रीत असात कोणाची. माका माझ्या माहेरच्यांनी कधी कायएक दिल्यानी नाय. मिया रिकामी जातंय आणि रिकामी येतंय."

तिचा आवाज जरासुद्धा हलला नाही. माझ्या शेजारच्या बाईने पदराने तोंड झाकलं. आमच्यातल्या प्रत्येकीला कळत होतं की ही नुसतं खोटं बोलत नाहीये. मोडापलीकडे बसलेल्या म्हातारीची आयुष्यभराची अब्रू ती चारचौघांत पुसून टाकतेय.

पण दाभाडे कच्च्या गुरूचे चेले नव्हते. पुढच्या तारखेला त्यांनी रत्नाआयेला साक्षीला बोलावलं. तिला प्रवास झेपत नाही म्हणून साक्ष खारण्याच्या पंचायतीतून, पडद्यावर. मला धडकीच भरली. ही बाई देवाच्या पाया पडताना नवससुद्धा जपून बोलायची, पाळता आला नाही तर खोटं पडेल म्हणून. ती खरं सांगणार, दावा तर जाणारच, आणि वर तृप्तीवर खोट्या साक्षीचा खटला होणार. पडद्यावर तिच्या शेजारी सिद्धेश बसला होता. त्याच्या चेहऱ्यावर राग होता, आणि तो मी समजू शकत होते. दावा इथे टिकला तर नांगरतळ हलणार होता आणि त्याची नोकरीही.

दाभाड्यांनी अगदी हळुवार विचारलं, "आजी, लेक सणाला माहेरी येते. तुम्ही तिला काय रिकाम्या हाताने पाठवता?"

आमच्याकडच्या कुठल्याही आईला हे विचारलं असतं तर तिने विचारणाऱ्याची खरडपट्टी काढली असती. त्यांनी प्रश्न तसा निवडूनच काढला होता. म्हातारी चिडेल, ताठ बसेल आणि काय काय दिलं ते घडाघडा सांगेल, हा त्यांचा हिशेब. आये खरंच ताठ बसली. तिने पडद्यात कोणाला शोधलं ते मला दिसलं. तृप्ती मात्र मान वर करत नव्हती.

"गरीब माणसा आमी," आये म्हणाली. "घरात देण्यासारखा काय नव्हता."

"एकदाही काही दिलं नाही?"

"नाय. तिना कधी मागल्यान नाय, आणि मिया कधी दिलंय नाय."

सिद्धेश खुर्चीवरून उठून पडद्याबाहेर गेला. आये हात जोडून तशीच बसून राहिली, कोणीतरी तिला संपलं असं सांगेपर्यंत. तृप्ती बाकावर वाकली आणि तिने दोन्ही हातांनी कान झाकून घेतले.

न्यायालयाने तिसऱ्या प्रवाहाने आल्याचं मानलं आणि प्रकरण ऐकण्याचा इथला अधिकार कायम केला. त्यानंतर दावा जिंकायला फारसा वेळ लागला नाही. विष आपल्या जहाजांचं नाही, असं कंपनीने एकदाही म्हटलं नव्हतं. स्तरवेधपुढे तसं म्हणायची सोयच नव्हती. भांडण फक्त ते कुठे ऐकायचं याचं होतं, आणि त्या एवढ्याशा 'कुठे'साठी दोन बायकांना एकमेकींना नाकारावं लागलं. मला विज्ञानाचा अभिमान आहे, अजूनही आहे. पण यंत्राने इतकं अचूक सांगितलं नसतं तर हा प्रश्नच कोणी विचारला नसता, हेही मनातून जात नाही.

निकालाप्रमाणे जहाजं हलली. खाडीचा चिखल उपसताना माहेरवाफाही उपसला गेला, कारण परजीवीचा खरा साठा तिथेच होता. प्रयोगशाळेत वाढवलेलं निरोगी बी आलं आणि दुसऱ्या कुठल्याही खाडीतून एक शिंपलासुद्धा आणायला कायमची बंदी झाली. शास्त्र म्हणून ती योग्यच आहे, मीच वर्गात तसं सांगते. हळूहळू तिसऱ्या धरू लागल्या. बायका पुन्हा खाडीत उतरू लागल्या आणि टोपल्या घेऊन हसत-खिदळत वर येऊ लागल्या. तृप्ती काही उतरली नाही. गुडघे दुखतात म्हणाली. खारण्याचा धक्का ओस पडला आणि सिद्धेश नोकरीसाठी गोव्याला गेला. त्याने बहिणीचा फोन घेतला नाही. कंपनीने वरच्या न्यायालयात अपील केलं, म्हातारीची साक्ष खोटी आहे असं म्हणत, आणि ते अपील रेंगाळत राहिलं.

यंदा गौरीला तृप्ती माहेरी गेली. निकालानंतर पहिल्यांदाच. एकटीने जायचा तिला धीर होईना म्हणून मी बरोबर गेले. आयेने आम्हाला घावणे घातले, माझ्या शाळेची चौकशी केली, शेजारच्या म्हशीचंही सांगून झालं. न्यायालयाचं नाव कोणी काढलं नाही. मला वाटलं, चला, निभावलं. स्वयंपाकघरात पाट मांडलेला होता, त्याच्याशेजारी तांदूळ, नारळ, एक पातळ आणि कोकमांची पुडी. तिसऱ्या नव्हत्या, त्या असणारच नव्हत्या.

निघताना तृप्ती पाटावर बसली आणि तिने पदर पुढे पसरला. आयेने कुंकू लावलं, मूठभर तांदूळ उचलले आणि हात तसाच थांबवला.

"ता अपील लागला काय गो?"

"नाय अजून," तृप्ती म्हणाली.

बाहेर रस्त्यावर लोक येत-जात होते, सणाचा दिवस. आयेने एकदा दाराकडे बघितलं. मग मुठीतले तांदूळ परत ताटात ठेवले.

"मगे नको. कोण बघीत, आणि जावन सांगीत."

तृप्ती पदर तसाच धरून बसली होती. आये खाली वाकली, तो पदर तिच्या हातातून हलकेच सोडवून घेतला, नीट झटकला आणि तिच्या खांद्यावर परत टाकला.